स्टीम डेक ओलेड: एका उन्हाळ्यासह वर्षभराचा वापर आणि पुढच्या डेककडून अपेक्षा

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक, म्हणजे संगणकावरचे खेळ हातात धरून खेळण्याचे यंत्र, फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आला आणि ओलेड पडद्याची त्याची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. माझ्याकडे ही दुसरी आवृत्ती आहे, ५१२ जीबीची. भारतात हे यंत्र अधिकृतपणे विकले जात नाही, त्यामुळे ते अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून नागपुरात पोहोचले. वर्षाहून अधिक काळ, आणि त्यात विदर्भाचा एक संपूर्ण उन्हाळा धरून, ते रोजच्या वापरात आहे. पुढच्या पिढीच्या डेकमध्ये काय असावे याची चर्चा निघाली की बहुतेकांचा भर अधिक शक्तिशाली चिप, अधिक मोठा पडदा आणि अधिक रिझोल्यूशन यांवर असतो. माझा अनुभव मला दुसरीकडे नेतो. कमी वॅटमध्ये अधिक काम करणारे आणि हातात घेताक्षणी तयार असणारे यंत्र मला हवे आहे. बाकीच्या अपेक्षा त्यानंतर येतात.

या यंत्राचा सर्वांत मोठा गुण तपशिलांच्या तक्त्यात सापडत नाही. वरचे बटण दाबले की खेळ आहे त्या क्षणी गोठतो आणि पुन्हा दाबले की काही सेकंदांत तिथूनच सुरू होतो. संसार आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसाला रोज मिळणारा वेळ तुकड्यातुकड्यांत असतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळातही एखादी लढाई पुरी करता येणे ही सोय मला कोणत्याही ग्राफिक्सपेक्षा मोलाची वाटते. मात्र या झोपेत मेमरी जागी ठेवावी लागते, म्हणून बॅटरी थोडी थोडी उतरत राहते. पुढच्या डेकने काही तास उलटल्यावर मेमरीतला मजकूर स्वतःहून एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणुकीत, उतरवून ठेवावा आणि पूर्ण बंद व्हावे, म्हणजे आठवडाभर कपाटात राहिलेले यंत्रही त्याच जागेवरून पुढे चालू होईल. लॅपटॉपमध्ये ही युक्ती फार जुनी आहे, आणि सोळा जीबी मेमरीची नोंद ठेवण्याइतकी जागा आजच्या एसएसडीवर सहज असते.

आता शक्तीचा हिशोब पाहू. ओलेड आवृत्तीची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. पहिल्या आवृत्तीची ४० होती. एएमडीची चिप जास्तीत जास्त १५ वॅट घेते, पण पडदा, मेमरी, पंखा आणि वाय-फाय धरले की संपूर्ण यंत्राचा खप वीस वॅटच्या पुढे जातो आणि बॅटरी जेमतेम दोन-सव्वादोन तास पुरते. स्टारड्यू व्हॅलीसारखा हलका खेळ असेल तर तीच बॅटरी सहा तासांपर्यंत साथ देते. म्हणूनच मी बहुतेक खेळांना आठ-नऊ वॅटची मर्यादा घालतो आणि फ्रेमचा वेग, म्हणजे दर सेकंदाला तयार होणारी चित्रे, ४५ वर बांधतो. ९० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवली जात असल्याने हालचाल एकसारखी दिसते. नव्या चिपची परीक्षा माझ्या दृष्टीने याच ठिकाणी आहे. तीस वॅटवर ती काय करते हे जाहिरातीसाठी ठीक आहे, पण आठ वॅटवर ती आजच्यापेक्षा दुप्पट काम करणार असेल तरच माझ्या खिशातून पैसे निघतील. वीस, तीस किंवा अगदी पन्नास टक्के वाढीसाठी नवा डेक काढण्यात रस नाही, अशी भूमिका व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी २०२५ मध्ये मांडली, आणि ती मला पूर्णपणे पटते.

काही स्पर्धकांनी हा प्रश्न बॅटरी वाढवून सोडवला आहे. आसूसच्या आरओजी अ‍ॅलाय एक्समध्ये ८० वॅट-तासांची बॅटरी आहे आणि तरीही त्याचे वजन ६७८ ग्रॅमवर थांबते. ओलेड डेकचे वजन सुमारे ६४० ग्रॅम आहे. विमानाच्या केबिनमध्ये साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विशेष परवानगी लागत नाही, त्यामुळे ८० चा आकडा प्रवासाच्या आड येत नाही. विदर्भ एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर आडवे पडून खेळताना मात्र हे चाळीस ग्रॅमही मनगटाला कळतील. माझ्यापुरते मी ६० वॅट-तास आणि आजचेच वजन यांवर समाधान मानेन.

उष्णतेचा मुद्दा या चर्चांमध्ये अभावानेच दिसतो, कारण चर्चा करणारे बहुतेक लोक थंड प्रदेशातले असतात. डेक शून्य ते ३५ अंश सेल्सियस इतक्या भोवतालच्या तापमानात उत्तम चालतो आणि त्यापुढे तो स्वतःचे रक्षण करण्यासाठी कामगिरी कमी करू शकतो, असे व्हॉल्व्हने २०२२ च्या उन्हाळ्यात जाहीर केले होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी बंद खोलीतही ३५ अंशांखाली राहणे कठीण जाते. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर बसले तर खोली सुसह्य होते, पण कूलरची हवा ओलसर असते आणि त्या थेट झोतात इलेक्ट्रॉनिक यंत्र धरणे मला प्रशस्त वाटत नाही. परिणामी उन्हाळ्याच्या दुपारी मी वॅटची मर्यादा आणखी खाली आणतो आणि जड खेळ रात्रीवर ढकलतो. ओलेड आवृत्तीत पंखा मोठा केलेला आहे आणि चिप सहा नॅनोमीटर प्रक्रियेने बनवलेली आहे, त्यामुळे थंडीत पंख्याचा आवाज जवळजवळ जाणवत नाही. पुढच्या डेकमध्ये मला एक ‘उष्ण हवामान’ असा पर्याय हवा आहे, जो भोवतालचे तापमान ओळखून फ्रेमचा वेग आणि वॅट आधीच जुळवून घेईल. तापल्यावर अचानक अडखळण्यापेक्षा सुरुवातीपासून संथ पण स्थिर चालणे केव्हाही चांगले. चार्जिंगच्या वेळी बॅटरीला वगळून वीज थेट यंत्राला देण्याची सोयही याच कारणासाठी हवी, कारण उष्णता आणि पूर्ण चार्ज हे बॅटरीचे दोन जुने वैरी आहेत. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय डेकच्या लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएस या कार्यप्रणालीच्या ३.७ आवृत्तीत आला, आणि तो मी तेव्हापासून चालूच ठेवला आहे.

पडद्याबाबत माझे मत अनेकांना जुनाट वाटेल. १२८० बाय ८०० हे रिझोल्यूशन ७.४ इंचांच्या पडद्याला पुरते. १९२० बाय १०८० वर गेलो तर चिपला दुपटीहून अधिक पिक्सेल रंगवावे लागतात आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. त्याऐवजी पडद्याचा ताजेपणाचा वेग खेळाच्या फ्रेमप्रमाणे आपोआप बदलणारे तंत्र, ज्याला व्हीआरआर म्हणतात, ते पुढच्या डेकमध्ये असलेच पाहिजे. निन्टेन्डोच्या जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये ते आहे, अ‍ॅलायमध्ये तर पहिल्यापासून होते. ओलेडचा रंग आणि काळेपणा सोडून पुन्हा एलसीडीकडे वळावे, असे मात्र मला वाटत नाही.

डेकची खरी ओळख त्याच्या दोन ट्रॅकपॅडमध्ये आहे. सिव्हिलायझेशन ६ सारखा मूळचा माउसचा खेळ सोफ्यावर बसून खेळता येतो तो त्यांच्यामुळेच, आणि मागच्या चार बटणांची सवय लागली की साधा कंट्रोलर अपुरा वाटू लागतो. पुढच्या पिढीत यांपैकी काहीही काढू नये. बदलायच्या आहेत त्या काड्या, म्हणजे जॉयस्टिक. घासणाऱ्या संपर्काऐवजी चुंबकीय संवेदकांवर चालणाऱ्या काड्या वर्षानुवर्षे अचूक राहतात. व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या स्टीम कंट्रोलरमध्ये टीएमआर प्रकारच्या चुंबकीय काड्या आहेत, तेव्हा पुढच्या डेकमध्ये त्या न येण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरा यूएसबी-सी पोर्ट खालच्या बाजूला द्यावा. आज एकच पोर्ट आहे आणि तोही वर, त्यामुळे चार्जिंग करत खेळताना वायर डोक्यावर लोंबते आणि डॉक, म्हणजे टीव्हीला जोडण्याची बैठक, वापरायचा तर वायर वरून वळवून खाली आणावी लागते.

सॉफ्टवेअरवर लिहायला तक्रारीपेक्षा कौतुक अधिक आहे. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन हा थर इतका मुरला आहे की मी महिनोन्‌महिने त्याचा विचारही करत नाही. सगळ्या डेकची चिप एकाच कुळातली असल्यामुळे शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम, आधीच तयार करून पाठवता येतात. एल्डन रिंगचे अडखळणे डेकवर लवकर कमी झाले ते मात्र मुख्यतः प्रोटॉनमधल्या मेमरी हाताळणीच्या सुधारणेमुळे. शेडरची ही सोय टिकावी म्हणून पुढचा डेकही एकाच चिपचा असावा, दहा निरनिराळ्या आवृत्त्यांचा नव्हे. अडचण उरते ती ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांची. फसवणूक रोखणाऱ्या प्रणाली लिनक्सला परवानगी द्यायची की नाही हे त्या त्या खेळाच्या निर्मात्यावर सोडतात. एपेक्स लेजेंड्सने ती परवानगी ऑक्टोबर २०२४ अखेर काढून घेतली आणि व्हॅलोरंटने कधी दिलीच नाही. नव्या चिपने हा प्रश्न सुटणार नाही, आणि ज्यांचे मित्रमंडळ याच खेळांत रमते त्यांनी आजचा डेक घेऊ नये आणि पुढच्याचीही वाट पाहू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा आहे आणि भारतातल्या ग्राहकासाठी तो पहिला ठरू शकतो. डेक उघडायला सोपा आहे, एसएसडी बदलता येते, आणि दुरुस्तीचे साहित्य विकणारी आयफिक्सिट ही कंपनी सुटे भाग विकते. पण बॅटरी आतून चिकटवलेली असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरकर्त्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, त्यामुळे पुढचा डेक त्यानंतर आला तर ही सोय आपल्यालाही आयती मिळेल. अधिकृत विक्री नसलेल्या देशात वॉरंटीचा कागद शोभेपुरताच उरतो. स्क्रू काढून चार कामे स्वतः करता येणे हीच इथे खरी वॉरंटी असते. ऑस्ट्रेलियात डेकची अधिकृत विक्री नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे पहिल्या डेकनंतर पावणेतीन वर्षांनी, सुरू झाली. भारताचे नाव त्या यादीत कधी येईल यावर मी माझी खरेदी ठरवणार नाही, पण नव्या डेकची बॅटरी घरबसल्या बदलता येत नसेल, तर सध्याचा डेक चालतो तोवर तोच चालवीन.