फायच्या डोक्यावरचं टिंब जपणारं झेरॉक्स दुकान

आर्वीच्या बसस्टँडजवळ गल्लीत ताईंचं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, दाखले, सगळं तिथे चालतं. मी लिहितोय ते गणिताच्या छपाईसाठी. समीकरणं इतकी जपून काढणारं दुकान या भागात मला दुसरं सापडलं नाही.

आमच्या फिजिक्सच्या पोट्ट्यांसाठी कृष्णऊर्जेवरचे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेवरचे, शोधनिबंध हवे होते. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, हे 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांवरून, कळलं. त्यामागे कधीच न बदलणारा वैश्विक स्थिरांक आहे, की सगळीकडे पसरलेलं, हळूहळू सरकणारं ‘फाय’ (ग्रीक अक्षर φ) नावाचं अदिश, म्हणजे दिशा नसलेलं, क्षेत्र, हा वाद अजून मिटलेला नाही. असं क्षेत्र भारत रात्रा आणि जिम पीबल्स या शास्त्रज्ञांनी 1988 मध्येच मांडलं होतं. आता आकाशगंगांचा नकाशा करणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या 2024 आणि 2025 च्या निष्कर्षांत कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असल्याचे संकेत आलेत. पक्कं काही नाही, पण पोट्टे त्यावर तुटून पडलेत.

या निबंधांचा जीव फायच्या डोक्यावरच्या टिंबात आहे. टिंब म्हणजे काळानुसार बदलण्याचा दर. टिंबवाल्या फायच्या वर्गाचं अर्धं ही गतिज ऊर्जा; तीतून स्थितिज वजा केली की दाब, दोन्हींची बेरीज केली की घनता. क्षेत्र सावकाश सरकत असेल तर दाब ऋण होतो, दाब-घनतेचं गुणोत्तर उणे एकजवळ येतं आणि प्रसरणाला वेग चढतो. आधी दुसरीकडून काढलेल्या फिकट प्रतींत टिंबंच उडाली होती, आणि पोट्टे नुसत्या फायचा वर्ग घेऊन गणितं सोडवत बसले.

ताईंनी आधी एकच पान काढलं, स्क्रीनशी ताडून पाहिलं. म्हणाल्या, "सर, इथं याच्या डोक्यावर टिंब हाये, कागदावर नाही उमटलं. गडद करून काढू का?" पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले दिवंगत शास्त्रज्ञ थानू पद्मनाभन यांचा टॅकियॉन क्षेत्रावरचा (अदिश क्षेत्राचाच एक प्रकार) 2002 चा निबंधही त्यात होता. तिथे दाब-घनतेचं ते गुणोत्तर म्हणजे टिंबवाल्या फायचा वर्ग वजा एक, एवढंच. तेही टिंब स्वच्छ उमटलं.

स्पायरल बाइंडिंग मात्र कच्चं आहे, जाड गठ्ठ्याला टिकत नाही. दोन भाग करून घ्या. पीकविम्याच्या दिवसांत सकाळी जाऊ नका. आणि फाइल पीडीएफच न्या, वर्डमध्ये नेली तर फायच्या जागी चौकोन येतात.