जालन्याजवळचे तीन दिवसांचे तरुण शिबिर : व्याख्याने आणि पंगत

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याजवळच्या एका जुन्या मिशन आवारात भरलेल्या निवासी तरुण शिबिराला मी आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, ९ मुलामुलींना घेऊन गेले होते. शिबिर ३ दिवसांचे होते, वयोगट १४ ते २२ वर्षांचा होता, फी माणशी ९०० रुपये होती आणि विषय ‘ख्रिस्ती वर्तन’ असा ठेवलेला होता. अंबड तालुक्यातील एका लहान मंडळीत मी १८ वर्षे संडे स्कूल घेत आहे, त्यामुळे अशी शिबिरे मी बरीच पाहिली आहेत. शेवटच्या रात्री मुले रडतात, हात वर करून जीवन समर्पित करतात, आणि महिन्याभरात सगळे पहिल्यासारखे होते. म्हणून या वेळी व्याख्यानांपेक्षा मी वडीलधाऱ्यांच्या वागण्याकडे अधिक लक्ष दिले, आणि हे परीक्षणही मुख्यतः त्याविषयीच आहे.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिताना सांगतो की भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांविषयी तू विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो. आपल्या मराठी शास्त्रातला ‘कित्ता’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. शाळेत कित्त्याच्या वहीत वरची ओळ छापलेली असे आणि मूल खाली तीच गिरवत असे. वरची ओळ वाकडी असेल तर खालचे पान सरळ येण्याची आशा नसे. मंडळीत तरुण काय गिरवतात? पाळकसाहेब सल्लागार मंडळाच्या बैठकीत कसे बोलतात, पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी, वर्गणीचा हिशेब देतात की टाळतात, गायनपथकातले काका मुलींशी कसे वागतात, हे ते गिरवतात. उपदेश त्यांच्या कानांवरून जातो.

या शिबिराची सुरुवातच मला वेगळी वाटली. पहिल्या संध्याकाळी गीताआधी सर्व स्वयंसेवक पुढे उभे राहिले, वर्तनाचे नियम मुलांसमोर मोठ्याने वाचले गेले, आणि प्रत्येकाने तेथेच त्यावर सही केली. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलामुलीसोबत बंद खोलीत एकटा बसणार नाही, समुपदेशन उघड्या व्हरांड्यात दोन प्रौढांच्या नजरेसमोर होईल, रात्री कोणीही वैयक्तिक संदेश पाठवणार नाही, असे ते साधे नियम होते. ते वाचले गेले ते मुलांसाठी. मोठ्यांनी नियम मोडला तर तो मोडला गेला हे ओळखण्याचा अधिकार त्यामुळे मुलांच्या हाती आला. भिंतीवर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक लावला होता. दुसऱ्या दिवशी एका वकील ताईंनी मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा समजावून सांगितला: १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला या कायद्याचे संरक्षण आहे, आणि अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, मग तो पाळक असो की पंच. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अशी गोष्ट ‘मंडळीचे नाव खराब होईल’ म्हणून आपसात मिटवण्याची रीत आहे, आणि ती मी स्वतः पाहिलेली आहे. ते एक तासाचे सत्र माझ्या दृष्टीने संपूर्ण फीएवढ्या मोलाचे होते.

त्याच दुपारी एका मुख्य वक्त्यांनी एक अवघड विषय न चुकवता घेतला. चेन्नईत जन्मलेले आणि जगभर नाव मिळवलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकारायस यांची भाषणे आमच्या मुलांच्या मोबाईलमध्येही असत. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांचे स्त्रियांशी गंभीर लैंगिक गैरवर्तन उघड झाले. एका मुलाने विचारले की मी ज्यांचे ऐकून विश्वासात आलो, ते असे निघाले तर माझ्या विश्वासाचे काय. वक्त्यांनी घाईने उत्तर दिले नाही. ते बायबलच्या जुन्या करारातील याजक एली याच्या घराकडे वळले. शिलोच्या मंदिरात हफनी आणि फिनहास हे त्याचे पुत्र लोकांची अर्पणे बळकावत होते आणि स्त्रियांशी वाईट वागत होते. बापाला सर्व ठाऊक होते, त्याने तोंडाने बोल लावला, पण त्यांना आवरले नाही. आणि त्याच छताखाली, एलीच्या हाताखाली, लहानगा शमुवेल वाढत होता. देवाने शमुवेलाला हाक मारली ती त्याच मंदिरात, आणि पहिला निरोप दिला तोही एलीच्या घराविरुद्धचाच. वक्ते म्हणाले की मुलाचे ऐकणे आणि मोठ्यांचा दोष लपवणे या दोन्ही गोष्टी एका घरात फार काळ राहत नाहीत. सभागृहात बराच वेळ कोणी हलले नाही.

आता त्या रात्रीच्या जेवणाविषयी लिहिणे भाग आहे. जेवण मराठवाड्यातील साधे होते, ज्वारीची भाकरी, पिठले, वांग्याची भाजी आणि ठेचा, आणि ते पोटभर होते. मुले अंगणात पंगतीत बसत. त्या रात्री मात्र वक्ते आणि काही ज्येष्ठ संयोजक कार्यालयाच्या खोलीत जेवायला बसले, आणि आत मटणाची पातेली जाताना मुलांनी पाहिली. आमच्या मंडळीतील १५ वर्षांची एक मुलगी मला हळूच म्हणाली, “बाई, आत येगळं जेवण हाय का?” मला तिच्याकडे पाहवेना. आमच्या बहुतेक घरांत वेगळ्या पंगतीची आठवण फार जुनी नाही. मांग आणि महार वाड्यांतून आमचे आजे-पणजे ख्रिस्ताकडे आले, त्यात एका पंगतीत बसायला मिळते ही गोष्ट लहान नव्हती. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते, आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले ते मुख्यतः मांग समाजातील विश्वासणाऱ्यांसाठी. त्या बेथेलच्या परिसरात, वर्तनावरच्या शिबिरात, दाराआडची वेगळी पंगत बसावी याचे मला अतिशय दुःख झाले.

मी रात्रीच संयोजकांना जाऊन ते सांगितले. त्यांनी बचाव केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेत त्याच वक्त्यांनी ठरलेला भाग बाजूला ठेवून गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांसोबत जेवत होता. अशा पंगतीला विरोध असलेले काही यहूदी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून आले तेव्हा तो त्यांना भिऊन मागे सरला. त्याचे पाहून बाकीचे यहूदीही सरले, आणि बर्णबासारखा चांगला माणूसही त्या ढोंगात ओढला गेला. पेत्राने त्या दिवशी उपदेश केला नव्हता, तो फक्त एका पंगतीतून उठला होता, आणि तेवढ्याने मंडळी दुभंगली. एवढे सांगून ते म्हणाले, “काल रात्री आम्ही तेच केले. तुमच्यासमोर झाले, म्हणून तुमच्यासमोर क्षमा मागतो.” दुपारी ते अंगणात मुलांच्या मध्ये बसले, जेवले आणि टँकरच्या पाण्याच्या पिंपाजवळ रांगेत उभे राहून स्वतःचे ताट त्यांनी स्वतः घासले. आदल्या दिवशीपर्यंत ताटे तशीच टाकून जाणारी मुले त्यांच्यामागे रांगेत उभी राहिली. कोणी त्यांना सांगितले नव्हते.

तक्रारीही आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. मुलींसाठी कपड्यांच्या मर्यादेवर एक स्वतंत्र तास ठेवला होता. त्या वेळी मुले मैदानात क्रिकेट खेळत होती. पौल तीमथ्याला तरुण स्त्रियांना पूर्ण शुद्धभावाने बहिणींसारखे मानायला सांगतो, आणि ते तो एका तरुण पुरुषाला सांगतो. मुलांना हे कोण सांगणार? शुद्धतेची सारी जबाबदारी मुलींच्या ओढणीवर टाकली की मुलगा मोकळा होतो, आणि तोच मुलगा उद्या पंच होतो. दुसरे असे की शिबिरार्थींचे फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतले होते, पण प्रार्थनेच्या वेळी काही स्वयंसेवक मागच्या बाकावर फोन पाहत बसले होते. मुलींच्या बाजूला संडास केवळ दोन होते, आणि ४० मुलींसाठी ते पुरणे शक्य नव्हते.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्यातील एका मुलाचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते आणि त्याची फी भरली गेली नव्हती. संयोजकांनी ती माफ केली, परंतु त्याला इतरांप्रमाणेच पावती आणि बिल्ला दिला. माफीचे त्या मुलाला स्वतःलाही कळले नाही. त्याच्या मंडळीने फी भरली असेच तो समजतो.

शेवटच्या दिवशी निघण्यापूर्वी सभागृहाच्या दारावर जमाखर्चाचा कागद चिकटवला होता: फी किती जमली, देणगी किती आली, किराणा, टँकर, वक्त्यांचा प्रवास आणि मटणसुद्धा. आमची मुले तो कागद बराच वेळ वाचत उभी होती. परत आल्यावर आमच्या तरुण संघाने हंगामाच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशेब असाच लावावा अशी विनंती सल्लागार मंडळाला केली. दोन पंच रागावले, एकाने मुलांना शिबिराला पाठवल्याबद्दल मला बोल लावला, आणि तीन आठवड्यांनी हिशेब आमच्या उपासनामंदिराच्या दारावर लागला.

पुढचे शिबिर मे महिन्यात आहे. मी ११ नावे दिली आहेत, आणि मर्यादेचा तास या वेळी मुलांसाठीही घ्यावा व संडासांची सोय आधी करावी, असे पत्र फॉर्मसोबत जोडले आहे.