प्रमाणपत्र वैध, भक्तनिवास बनावट

मागच्या डिसेंबरात माझे आत्येभाऊ आणि वहिनी अकोल्याहून नारायण नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला येणार होते. विधी तीन दिवसांचा आणि दोघेही साठीपुढचे, त्यामुळे नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरून रोज ये-जा करण्यापेक्षा तिथल्याच एखाद्या भक्तनिवासात खोली घ्यावी असे ठरले, आणि ते काम मी अंगावर घेतले. त्याच संध्याकाळी माझ्या खात्यातून एकूण ४२,३०० रुपये गेले.

शोधात सर्वांत वर आलेला दुवा मी उघडला. ती जाहिरात असल्याचे बारीक अक्षरांत लिहिले होते. घरात संगणकाबाबत माझाच सल्ला घेतला जातो, हे मुद्दाम सांगतो, कारण मी डोळे झाकून पैसे भरले नाहीत. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून मी संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची, म्हणजे ते त्याच पत्त्याचे असल्याच्या डिजिटल दाखल्याची, माहिती उघडली. पडताळणी करून ते देणाऱ्या संस्थेचे नाव परिचित होते. त्याच्या वरच्याच ओळीत, या संकेतस्थळाने मालकीची माहिती दिलेली नाही, असे स्पष्ट लिहिले होते. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो.

पुढे गेलो, कारण कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रे मानायची याबाबत ब्राउझर किती कडक असतात, हे मी वाचलेले होते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे निघाली, तेव्हा सर्व प्रमुख ब्राउझरांनी तिला आपल्या यादीतून काढले आणि महिन्याभरात तिचे दिवाळे निघाले. इतकी चाळणी लावून मान्य केलेल्या संस्थेने ज्याला प्रमाणपत्र दिले, तो माणूसही तपासलेलाच असणार, असा माझा हिशेब होता, आणि तोच चुकला.

साध्या प्रमाणपत्रासाठी ती संस्था एवढेच पाहते की, मागणाऱ्याच्या ताब्यात ते संकेतनाव (संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन) आहे की नाही. ही तपासणी यंत्रच करते आणि काही मिनिटांत उरकते. २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे फुकटही मिळतात, आणि त्यात गैर काही नाही. त्यांमुळेच आज छोट्या दुकानदाराच्या संकेतस्थळावर लिहिलेला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. माझा कार्ड क्रमांकही वाटेत कोणी वाचला नाही. तो थेट भामट्याकडे सुखरूप पोहोचला. कुलपाचा अर्थ माझ्यासारखाच चुकीचा लावणारे इतके निघाले की, गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकले.

खोलीचे ३,८०० रुपये भरल्यावर फोन आला. नोंद झाली नाही, पैसे परत करतो, असे म्हणत त्या गृहस्थाने, अत्यंत अदबीने, माझ्या बँकेसारखे दिसणारे एक पान पाठवले. पत्त्याची सुरुवात बँकेच्या नावानेच होती, पण 'https://' नंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा शेवटचा भाग भलताच होता, आणि मालक कोण हे त्या भागावरूनच ठरते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर जाण्यास सांगितले होते आणि तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो, हे मला माहीत असते तर मी तिथेच थांबलो असतो. मी कार्ड क्रमांक आणि ओटीपी दिला, आणि ३८,५०० रुपये गेले.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर मी दोन तासांनी फोन केला. त्यातले दीड तास मी ही गोष्ट घरात कशी सांगावी या विचारात घालवले, आणि तोवर बरीचशी रक्कम पुढे गेली होती. ११,००० रुपये तेवढे एका खात्यात रोखले गेले. आत्येभाऊ आमच्याकडेच उतरले आणि तिन्ही दिवस पहाटेच्या बसने त्र्यंबकला गेले.

ते संकेतस्थळ फसवे असल्याचे मी गूगललाही कळवले. दहाव्या दिवशी पत्ता टाकला तर लाल इशारा आला. प्रमाणपत्र मात्र मार्चपर्यंत वैध होते.