मराठी दैनंदिन मालिका : पैसे मोजून पाहणाऱ्या प्रेक्षकाचे परीक्षण

संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन रात्री साडेदहापर्यंत चालणाऱ्या मराठी दैनंदिन मालिका ही फुकट मिळणारी करमणूक आहे, असा समज अजूनही अनेक घरांत आढळतो. तो खरा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना २०१९ मध्ये लागू झाल्यापासून आपण सशुल्क वाहिन्या निवडतो, त्यांचे दरमहा पैसे भरतो आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा करही देतो. ज्यांना मोबाइलवर भाग पाहायचे असतात ते वेगळी वर्गणी भरतात. पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याही सेवेचे परीक्षण करण्याचा ग्राहकाला जो अधिकार असतो, तो येथेही आहे. कोणत्याही एका वाहिनीचे किंवा मालिकेचे नाव मी घेणार नाही, कारण खटकणाऱ्या गोष्टी सर्वत्र जवळजवळ सारख्याच आहेत.

या सेवेचे मोल मी कमी लेखत नाही. प्रायोगिक आणि व्यावसायिक रंगभूमीवर तयार झालेले नट-नट्या आपल्याला रोज घरबसल्या पाहायला मिळतात, आणि आईच्या किंवा आजीच्या दुय्यम भूमिकेतल्या एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीने केवळ पदर सावरण्याच्या पद्धतीतून उभे केलेले पात्र मुख्य कथानकापेक्षा अधिक काळ लक्षात राहते. बडोदा, इंदूर, बेळगाव किंवा परदेशातल्या मराठी घरांत मुलांच्या कानांवर रोज सलग मराठी पडण्याचे एक मोठे साधन म्हणजे या मालिका. गुडघेदुखीमुळे घराबाहेर पडणे थांबलेल्या वृद्धांना त्यांची सोबत वाटते. मालिकांवर सरसकट नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यातील दोष मला अधिक लागतात.

हे दोष दोन प्रकारचे आहेत, आणि ते वेगवेगळे तोलायला हवेत. पहिल्या प्रकारचे दोष वेळेच्या ओढाताणीतून येतात. कोणीतरी धक्कादायक वाक्य उच्चारते आणि कॅमेरा दिवाणखान्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आळीपाळीने झेपावतो; पार्श्वसंगीताचा तोच ठोका पुनःपुन्हा वाजतो; कालच्या भागाचा शेवट आज पुन्हा सविस्तर दाखवला जातो; दाराआड उभी असलेली व्यक्ती नेमके अर्धेच संभाषण ऐकते आणि त्या अर्ध्या संभाषणावर पुढचे महिने निघतात. नायिका पैठणी आणि ठसठशीत दागिने घालून झोपते आणि सकाळी उठते तेव्हा काजळ जागच्या जागी असते. या तक्रारी घरोघरी ऐकू येतात आणि त्या रास्त आहेत. तरीही आठवड्याला सहा-सात भाग तयार करायचे, हातात पुढच्या भागांची ‘बँक’ जेमतेम काही दिवसांची, पटकथेची पाने कधी कधी चित्रीकरणाच्या सकाळी हाती येणारी, अशा स्थितीत एका प्रसंगातून जास्तीत जास्त मिनिटे काढण्याची धडपड समजू शकते. नियमांनुसार एका तासात जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी मिळून १२ मिनिटे दाखवता येतात; म्हणजे ती पूर्ण वापरली तर अर्ध्या तासाच्या भागात कथेसाठी २४ मिनिटे उरतात, आणि त्यातूनही शीर्षकगीत, मागील भाग व पुढील भाग वजा जातात. शिवाय स्वयंपाक करता करता, भाजी निवडता निवडता मालिका ऐकणाऱ्या प्रेक्षकाचा धागा तुटू नये म्हणून पुनरुक्ती मुद्दाम ठेवली जाते, हेही खरे आहे. हे सारे मी सहन करतो.

दुसऱ्या प्रकारचे दोष मात्र मला माफ करता येत नाहीत, कारण ते वेळेअभावी घडत नाहीत. एखाद्या वकिलाला किंवा डॉक्टरला पाच मिनिटे दूरध्वनी केला असता तर ते टळले असते. मालमत्तेचे प्रसंग घ्या. बहुसंख्य मालिकांत कधी ना कधी खलनायिका फायलींच्या गठ्ठ्यात एक कागद सरकवते, वृद्ध गृहप्रमुख न वाचता सही करतात आणि दुसऱ्या दिवशी वाडा तिच्या नावावर झालेला असतो. स्थावर मालमत्तेचे दान करायचे असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ नुसार दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला आणि नोंदणीकृत दस्त लागतो. दुय्यम निबंधक कार्यालयात ज्यांनी एकदा तरी दस्त नोंदवला आहे, त्यांना रांगेतली ती प्रतीक्षा, ओळख पटवणारे साक्षीदार, संगणकावर घेतले जाणारे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा हे सगळे ठाऊक असते. महाराष्ट्रात घर, सदनिका किंवा शेतजमीन घेतलेले असे लाखो प्रेक्षक ही मालिका पाहत असतात, आणि त्यांच्या अनुभवाला पूर्णपणे खोटे ठरवणारा प्रसंग त्यांच्यापुढे गंभीर संगीतासह मांडला जातो. फसवणूक दाखवायला माझी हरकत नाही. खऱ्या आयुष्यात बनावट कुलमुखत्यारपत्रे (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याची अधिकारपत्रे) आणि तोतया साक्षीदार यांच्या आधारे फसवणुका होतात, आणि त्यांच्यात नाट्य भरपूर असते; ते शोधण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

याहून अधिक खटकते ते ‘घराण्याचा वारस’ हे प्रकरण. सुनेला मुलगा व्हावा, म्हणजे इस्टेटीला वारस मिळेल, या एका वाक्यावर मालिकांची वर्षे निघतात, आणि सहृदय म्हणून रंगवलेली पात्रेदेखील ते वाक्य निमूटपणे ऐकून घेतात. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, म्हणजे देशव्यापी कायद्याच्या अकरा वर्षे आधी, त्या तारखेपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला, आणि त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मुलगा हवा असा हट्ट धरणारी सासू समाजात आहे, म्हणून ती मालिकेत असणे स्वाभाविक आहे. पण तिला ‘मुलगीही कायद्याने वारसच आहे’ असे उत्तर देणारे एकही पात्र, अगदी घरातला वकील जावईसुद्धा, कथेत असू नये, हे मला लेखनाचे अपयश वाटते. त्याचप्रमाणे ‘तुला माझ्या इस्टेटीतून बेदखल करतो’ असे आजोबा गर्जतात आणि नातू त्याच पावली बॅग घेऊन निघतो. स्वकष्टार्जित मालमत्ता आजोबांनी कोणालाही द्यावी; वडिलोपार्जित मालमत्तेतला सहदायकाचा, म्हणजे जन्मतः हक्क असलेल्याचा, हिस्सा मात्र असा एका वाक्याने संपत नाही. हे उत्तर नातवाने दिले असते तर पुढचा संघर्ष किती तरी रंगला असता.

विवाहाचीही तीच गत. जबरदस्तीने गळ्यात मंगळसूत्र बांधले की नायिका ते नशीब म्हणून स्वीकारते, आणि घटस्फोटाच्या ‘पेपर्स’वर दोन सह्या झाल्या की लग्न मोडले असे सगळे मानतात. हिंदू विवाह अधिनियमाप्रमाणे बळजबरीने मिळवलेल्या संमतीचा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष विभक्त राहिल्यावर अर्ज करावा लागतो, त्यानंतर साधारणतः सहा महिने थांबावे लागते (हा कालावधी योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले), आणि शेवटी हुकूमनामा न्यायालयच देते. पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट झालेला नसताना, नायक थाटामाटात दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतो, तेव्हा त्या मांडवात बसलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे हे आठवत नाही. नायिकेला मध्यरात्री बेड्या घालून नेणारे पोलीसही असेच: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. अडचणीच्या वेळी ज्या स्त्रीला ही माहिती उपयोगी पडली असती, ती रोज याच्या नेमकी उलट गोष्ट पाहत असते.

रुग्णालयातील प्रसंगांबद्दल माझा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रावरची रेषा सरळ होते, डॉक्टर छातीवर विजेचा झटका देतात, रुग्ण उसळतो आणि रेषा पुन्हा नाचू लागते. हृदयाची विद्युत्क्रिया पूर्ण थांबून रेषा सरळ झाली असेल, तर झटक्याचा उपयोग नसतो; तेव्हा छातीवर दाब देत राहणे आणि ॲड्रेनलिन देणे हा उपचार असतो. झटका असतो तो हृदय विस्कळीतपणे थरथरत असेल तेव्हा. अनेक नवशिके लोक छातीवर दाब देण्याची कल्पना दूरचित्रवाणीवरून घेतात, आणि तेथे नट कोपरे वाकवून हळुवार थोपटताना दिसतो. प्रत्यक्षात कोपरे ताठ ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाबावे लागते. निरोगी नटाच्या छातीवर तसे करता येणार नाही, हे मान्य. पण कॅमेरा दाब देणाऱ्याच्या खांद्यांवर ठेवला तर योग्य पद्धत दाखवता येते आणि कोणाला इजाही होत नाही. डोक्याला मार लागून स्वतःचे नाव विसरणे आणि दुसऱ्या माराने ते आठवणे, नाडी हातात धरताच गरोदरपणाची बातमी देणारे डॉक्टर, यांवर अधिक लिहीत नाही.

प्रत्येक भागाच्या आरंभी कथा काल्पनिक असल्याची सूचना वाचता येणार नाही इतक्या वेगाने झळकते, आणि या साऱ्या चुकांचे समर्थन तिच्या आधारे केले जाते. मला ते पटत नाही. पात्रे काल्पनिक असतात, गाव काल्पनिक असू शकते. पण पात्रे महाराष्ट्रात राहतात, इथल्या न्यायालयात जातात आणि इथल्या रुग्णालयात दाखल होतात असे दाखवले, की तिथले नियम खरे असावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

बोलीचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. मालिका कोल्हापुरात घडो, साताऱ्यात घडो किंवा विदर्भात, ग्रामीण पात्रे एकच सरधोपट ‘गावाकडची’ भाषा बोलतात. मालवणीच्या बाबतीत काही चांगले प्रयत्न झाले आहेत आणि प्रेक्षकांनी ते उचलूनही धरले. वऱ्हाडी, अहिराणी किंवा लातूर-नांदेडकडची मराठी यांना तसे भाग्य क्वचितच लाभले. त्या त्या भागातल्या नटांना संधी देणे आणि संवाद त्यांच्याकडून तपासून घेणे, एवढ्यानेही फरक पडेल.

वाहिन्यांच्या प्रोमोंबद्दल थोडक्यात: आठवडाभर ज्या प्रसंगाची जाहिरात केली तो रविवारच्या महाएपिसोडमध्ये स्वप्न निघावा, ही ग्राहकाची उघड दिशाभूल आहे आणि ती ताबडतोब बंद व्हायला हवी.

ज्यांना अभिनय पाहायचा आहे, घरात मराठीचा वावर हवा आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. शक्य असेल त्यांनी भाग मोबाइल ॲपवर पाहावेत, म्हणजे मागील भागाची पुनरावृत्ती ओलांडता येते. पाचपैकी अडीच तारे मी देतो, आणि ते बव्हंशी कलाकारांचे आहेत. उरलेल्यांपैकी एक तारा मी आनंदाने देईन, ज्या मालिकेच्या श्रेयनामावलीत वेशभूषा आणि रंगभूषेच्या शेजारी कायदेविषयक आणि वैद्यकीय सल्लागाराचे नाव नियमितपणे दिसेल आणि त्या नावाचा परिणाम पटकथेतही दिसेल, त्या मालिकेला.