मुलांना घेऊन बोटीवर रात्र काढायची आहे: नांगरलेली बोट, रात्रीची फेरीबोट की मोठं क्रूझ जहाज?

जाहिरातीतले फोटो नेहमी संध्याकाळचे असतात. पाणी सोनेरी झालेलं, डेकवर दिवे लागलेले, एखादं मूल कठड्याला रेलून उभं आणि आईबाबा चार पावलं मागे, हसतमुख. पहाटे दोनचा फोटो कुणी छापत नाही. तेव्हा मूल अनोळखी अंधारात जागं झालेलं असतं, खाली कुठेतरी इंजिन घरघरत असतं आणि केबिनच्या दाराला आतून कडी लावली होती की नाही, ते तुम्हाला आठवत नसतं.

बोट निवडताना मी त्या दोन वाजल्यापासून सुरुवात करते. रात्री बोट काय करते, थांबते की चालत राहते? आणि आपण झोपल्यावर तिच्यावर जागं कोण असतं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचं, म्हणजे खोली केवढी, खिडकी आहे का, पोहायचा तलाव आहे का, हे सगळं त्यामानाने सोपं आहे.

रात्री थांबणारी बोट

हाउसबोट, उपसागरातल्या लहान क्रूझ बोटी, नदीवरच्या बऱ्याच बोटी या प्रकारात येतात. केरळात वेंबनाड सरोवरावरच्या हाउसबोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला लागतात, कारण त्यानंतर पाणी मासेमारांच्या जाळ्यांचं असतं. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात रात्रीच्या बोटी ठरवून दिलेल्या जागी नांगर टाकतात. दोन्हीकडे पाणी आडोशाचं आहे, त्यामुळे लाटांचा मार जवळजवळ नसतो. लहान मुलांच्या दृष्टीने ही मोठीच जमेची बाजू. काठाला बांधलेली बोट असेल तर आणखी एक गोष्ट मिळते, जिचं मोल मूल तापाने फणफणल्यावरच कळतं: फळीवरून चालत जमिनीवर उतरता येतं. उपसागराच्या मधोमध नांगरलेल्या बोटीवर ती सोय नाही. तिथे आधी छोटी होडी यावी लागते, आणि रात्री ती कोण चालवणार हे आधीच विचारलेलं बरं.

या बोटींवर माणसंही मोजकी असतात. स्वयंपाकी, सुकाणूवरचा माणूस, सगळ्यांची तोंडओळख तासाभरात होते. मुलाला दोरखंडाची गाठ कशी मारतात ते दाखवायला त्यांच्याकडे वेळ असतो. मोठ्या जहाजावर हे होत नाही.

आता उणी बाजू, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. कठडा कसा असेल याचा नेम नसतो. कुठे कमरेइतका, कुठे गुडघ्याच्या जरा वर, कुठे दोन आडव्या दांड्यांमधून तीन वर्षांचं मूल सहज पलीकडे जाईल एवढी फट. लहान मूल पाण्यात पडतं तेव्हा बहुतेकदा आरडाओरडा होत नाही. तोंड पाण्याबाहेर काढायच्या धडपडीत आवाजाला जागाच उरत नाही. रात्री जनरेटरच्या आवाजात तर पडल्याचाही आवाज येणार नाही. चालायला लागलेल्या पण समज न आलेल्या मुलासाठी, म्हणजे साधारण एक ते चार या वयात, हीच बोट सर्वांत धोक्याची. लोक मात्र उलट समजतात: मूल लहान आहे, म्हणून लहान बोट घेऊया.

दुसरी गोष्ट धुराची. इंजिन आणि जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बोटीच्या मागच्या टोकाला, धुराच्या नळीजवळ, मोकळ्या हवेतसुद्धा तो साचू शकतो. बोटी एकमेकींना खेटून बांधल्या असतील तर शेजारच्या बोटीचा धूर आपल्या खिडकीत येतो. नाईलवर लुक्सॉर ते अस्वान जाणाऱ्या बोटी धक्क्याला अशाच एकीला एक लावून उभ्या करतात. काठावर जायचं तर मधल्या बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं. मुलांना या प्रकाराची भारी गंमत वाटते. पण त्या रात्री आपली खिडकी उघडली की समोर नदी नसते, दुसऱ्या बोटीची भिंत असते. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे विचारायला संकोच करू नका. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म स्वतः नेला तर उत्तमच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे जागं कोण असतं. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ सांताक्रूझ बेटाच्या आडोशाला नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या बोटीला आग लागली. खालच्या झोपायच्या खोलीतली ३४ माणसं गेली. पाणी शांत होतं, हवा ठीक होती. चौकशीत निघालं ते असं की रात्रभर फिरून पाहणी करणारा पहारेकरी नव्हता, आणि खालच्या खोलीतून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, तेच दालन पेटलेलं होतं. ती पाण्याखाली डुबक्या मारायला जाणाऱ्या पर्यटकांची बोट होती, कौटुंबिक सहलीची नव्हे. पण तेव्हापासून मी बोटवाल्याला विचारते, “रात्री कुणाची पाळी असते?” उत्तर चटकन आलं, नाव किंवा वेळ सांगितली, तर बरं वाटतं. “अहो, काही होत नाही इथे” हे उत्तर आलं तर मी दुसरी बोट बघते. खोलीतून बाहेर पडायला दाराखेरीज दुसरी वाट कुठली, हेही विचारते.

रात्रीची फेरीबोट

हिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हाच तिचा गुण म्हणावा. संध्याकाळी स्टॉकहोमहून निघून सकाळी हेलसिंकीला पोचणाऱ्या बोटींसारखी ही वाहनं मुळात प्रवासासाठी आहेत. जहाज मोठं, वर्दळ पुष्कळ, मुलांना धावायला लांबच लांब मार्गिका. एकच रात्र, त्यामुळे आवडलं नाही तरी सकाळी सुटका. खाली गाड्यांचा डेक असतो आणि प्रवास सुरू झाला की तिथे सहसा जाऊ देत नाहीत. मुलाची चादर, औषधं, झोपताना कवटाळायचं अस्वल गाडीत राहिलं तर सकाळपर्यंत राहिलं. केबिन घ्याच. खुर्चीवर रात्र काढू असं मुलांशिवाय प्रवास करणारे म्हणतात. उतरायच्या वेळी पहाटेच मोठ्याने घोषणा सुरू होतात, तेव्हा रात्री अकरापर्यंत जागलेल्या पोराची मिजास सांभाळायची तयारी ठेवा.

मोठं क्रूझ जहाज

हे रात्रभर चालतं. चालकदालनात अहोरात्र कुणीतरी जागं असतं, आगीचे अलार्म आणि पाण्याचे फवारे असतात, दवाखाना असतो, डॉक्टर असतो. माझ्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर इथे सर्वांत चांगलं आहे.

लाइफ जॅकेटचंही तसंच. समुद्रसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार जॅकेट तीन मापांत असतात: १५ किलोखालचं बाळ, १५ ते ४३ किलोचं मूल आणि त्यापुढे मोठी माणसं. सफर २४ तास किंवा अधिक असेल तर जहाजावरच्या प्रत्येक बाळासाठी त्याच्या मापाचं जॅकेट हवंच. देशाच्या आतल्या तळ्यानद्यांवरच्या बोटींना हा करार लागू नसतो; तिथे स्थानिक नियम आणि मालकाची सद्बुद्धी. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घट्ट बांधून काम भागत नाही, पाण्यात मूल त्यातून खाली निसटतं. लहान बोट ठरवत असाल तर मुलाचं वजन सांगून त्या मापाचं जॅकेट आहे का ते विचारा, नाहीतर घरचं न्या.

जहाजावर चढल्याबरोबर आणीबाणीची कवायत होते. हिच्यामागे एक दुःखद रात्र आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला घासलं आणि ३२ माणसं दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांच्या आत केली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघाल्या निघाल्या करावी लागते. मुलं कंटाळतात, तरी त्यांना घेऊन जमायच्या जागेपर्यंत प्रत्यक्ष चालत जा. पाच वर्षांच्या मुलालाही “आपली जागा कुठली?” हे सांगता आलं पाहिजे.

मग अडचण कुठे? पहिली वयाची. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरींना ती अट बारा महिन्यांची असते. मुलांच्या क्लबचं फार कौतुक होतं, पण तो बहुधा तीन वर्षांपासून पुढे, तेही डायपर सुटलेला असेल तरच. पोहण्याच्या तलावात डायपरवाल्या बाळाला, अगदी पोहायच्या डायपरमध्येसुद्धा, सहसा मज्जाव असतो. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर ज्या दोन सोयींसाठी जहाज निवडलं त्या दोन्ही बंद.

दुसरी बाल्कनीची. अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांना २०१० च्या कायद्याने कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर ठेवावा लागतो. चार वर्षांचं मूल साधारण मीटरभर उंच असतं. म्हणजे कठडा पुरेसा आहे, जोवर त्याच्याजवळ खुर्ची नाही तोवर. आणि बाल्कनीत खुर्च्या असतातच! आमच्या सफरीत मी पहिल्या दिवशी दोन्ही खुर्च्या आत ओढल्या आणि पुढचे सगळे दिवस त्यांना ठेचकाळत काढले. चढणाऱ्या वयाचं मूल असेल तर न उघडणाऱ्या खिडकीची केबिन घ्यावी, असं माझं मत झालं आहे. बिनखिडकीची आतली केबिन स्वस्त असते आणि दुपारच्या झोपेला झकास, कारण दिवा घालवला की मिट्ट काळोख. पण अंधाराला भिणाऱ्या मुलाला तीच केबिन छळेल. एक छोटा रात्रीचा दिवा न्या.

तिसरी पोटाची. नोरोव्हायरस अशा बंदिस्त गर्दीत झपाट्याने पसरतो आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाला तो फारसा बधत नाही. साबण आणि पाणी, जेवणाआधी दर वेळी. दारापाशी उभं राहून हातावर द्रव फवारणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बघून निर्धास्त होऊ नका.

बोट लागणं

गाडी लागणाऱ्या मुलाला बोटही लागण्याची शक्यता बरीच. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र हलतोय म्हणून सांगतो, आणि या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा या वयात त्रास जास्त; दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही. नांगरलेल्या बोटीवर आडोशाच्या पाण्यात ही चिंता जवळजवळ मिटते. मोठ्या जहाजांना डोल कमी करणारे, पाण्याखालचे माशाच्या परांसारखे पंख असतात, पण खवळलेल्या समुद्रापुढे त्यांचंही एका मर्यादेपलीकडे चालत नाही. केबिन मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर झुलणं कमी जाणवतं. मळमळायला लागलं की मुलाला डेकवर आणून क्षितिजाकडे बघायला लावायचं, हातातला मोबाईल काढून घ्यायचा. औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच. उलटी थांबवणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत, आणि मोठ्यांनी कानामागे लावायची चिकटपट्टी मुलांसाठी नसते.

मग कुणी काय घ्यावं?

बाळ अजून रांगत नसेल आणि कडेवरच असेल, तर काठाला बांधलेली हाउसबोट. नुकतं चालायला लागलेलं असेल, तर खरं सांगायचं तर वर्षदोन वर्षं थांबा. थांबायचं नसेल तर रात्रीची फेरीबोट, एक रात्र, बंद खिडकीची केबिन. मुलं चार ते सातची असतील आणि त्यांना एकट्याने दुसऱ्या मुलांत मिसळायला आवडत असेल, तर मोठं जहाज सर्वांत सोयीचं, पण पहिली सफर दोनतीन रात्रींचीच. आठ वर्षांपुढची, पोहता येणारी, ऐकणारी मुलं असतील तर मी डोळे झाकून नांगरलेली बोट निवडेन, कारण पाण्याची, माशांची, दोरांची खरी मजा तिथेच आहे. दोन वयांची मुलं असतील तर निवड धाकट्याकडे बघून करावी लागते. थोरला कुरकुरतो. कुरकुरू दे.

आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन परदेशी बंदरांना जाणाऱ्या जहाजावर जात असतील, तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र आधी तयार ठेवा; धक्क्यावर ते मागितलं जाऊ शकतं आणि तिथे ते मिळवण्याची सोय नसते.

आणि कुठलीही बोट घेतलीत तरी पहिल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, मुलांना घेऊन एक फेरी मारा. बाहेर पडायची वाट कुठली, जॅकेट कुठे टांगलंय, कुठल्या दाराच्या पुढे मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय जायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. मग केबिनच्या दाराच्या वरच्या अंगाला आपण घरून आणलेली छोटी घंटी बांधा. दोन वाजता दार उघडलं तर ती वाजते.