घरातली तिजोरी: नऊ महिने वापरल्यावर

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा सामान बांधायला चार दिवस पुरतील असं वाटलं होतं. लागले नऊ. त्यातले निम्मे सासूबाईंनी लपवलेलं शोधण्यात गेले. उडदाच्या डाळीच्या डब्यात पाचशेच्या नोटा, बिघडलेल्या कुकरात चांदीच्या वाट्या, देवघराच्या खणात कुंकवाच्या करंड्याखाली दोन अंगठ्या. आणि गोदरेजच्या जुन्या कपाटात चोरकप्पा आहे, त्यात काय, तर विजेची बिलं! "चोर आधी तिथेच बघतो," हे आईंचं उत्तर. ते चूक नाही. पण त्या कपाटाची चावी वर्षानुवर्षं कपाटाच्याच डोक्यावर ठेवलेली असायची, आणि डाळीचे डबे उपडे करायचे हे चोरांनाही आता ठाऊक असतं.

पैठणीच्या घडीतून दोन हजारांच्या सात नोटा निघाल्या. त्या नोटा मागे घेत असल्याचं रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला जाहीर केलं होतं, आणि बँकांच्या शाखांत त्या ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंतच घेत होते. आम्हाला सापडल्या जानेवारी २०२५ मध्ये. नशीब एवढंच की रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत त्या अजून घेतात आणि त्यांतलं एक बेलापूरला आहे. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून गेले, ओळखपत्र दाखवलं, अर्ज भरला आणि १४,००० रुपये खात्यात आले. २०१६ च्या नोटबंदीतल्या हजाराच्या तीन नोटा निघाल्या, त्यांचं मात्र काहीच होणार नव्हतं. अशा जुन्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवल्या तर गुन्हा नाही, म्हणून त्या आठवण म्हणून राहिल्या.

आईंना हसणं सोपं आहे. पण २६ जुलै २००५ च्या पुराच्या वेळी आम्ही कळव्याला होतो. वीज नाही, फोन नाही, एटीएम बंद, मी दादरला अडकलेले. दोन दिवस घरात दूध आणि मेणबत्त्या आल्या त्या डाळीच्या डब्यातल्या पैशांवर. त्यामुळे "आता सगळं यूपीआयवर होतं, घरात रोकड कशाला" हे मी त्यांना कधी म्हणत नाही.

तिजोरी घ्यायचं खरं कारण मात्र वेगळं आहे आणि ते सांगायला मला बरं वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी एक चेन सापडेना. आठ दिवस घर धुंडाळलं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना कोणी काही विचारलं नाही, पण त्या आल्या की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायला लागले. त्यांना कळलं. कळतंच. महिन्याभरात "नातीला सांभाळायचंय" म्हणून काम सोडून गेल्या. चेन या शिफ्टिंगमध्ये मिळाली, शिवणाच्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत. लग्नाला जाऊन आल्यावर रात्री मीच ठेवली असणार, कारण त्या खणाला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. मावशींना फोन केला. त्या छान बोलल्या, नातीचं सांगितलं. चेनचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

तर, तिजोरी.

पहिली घेतली ती ३,२०० रुपयांची, ऑनलाइन. खोक्यावरच तिजोरीचं भलंमोठं रंगीत चित्र. आम्ही तेव्हा नुकतेच मानपाड्याच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहायला आलो होतो. डिलिव्हरीवाला आधी चुकून बी विंगला गेला, मग वॉचमनने इंटरकॉमवरून सांगितलं, "मॅडम, तुमची तिजोरी आलीये." लॉबीत चारजण होते. लपवायच्या वस्तूची अशी वरात निघाली. ऑर्डर करताना साध्या खोक्यात पाठवतात का ते आधी विचारा, किंवा सरळ दुकानातून घेऊन या आणि वर चादर टाका.

ती तिजोरी सहा दिवस टिकली. भाच्याने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, म्हणाला, "मामी, एक गंमत दाखवतो," आणि वरून एक बुक्की मारत दाराची मूठ फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात दार उघडलं. कोड नाही, चावी नाही. स्वस्त तिजोऱ्यांत दार अडवून धरणारा एक छोटा खिळा असतो. स्प्रिंगवरचा तो खिळा विजेच्या चुंबकाने मागे ओढला जातो. स्प्रिंग कमजोर असली की धक्क्यानेच क्षणभर उडतो, आणि तेवढ्यात मूठ फिरते. तिजोरी परत केली. परतीचं कारण निवडायच्या यादीत "भाच्याने उघडली" नव्हतं, म्हणून "अपेक्षेप्रमाणे नाही" लिहिलं.

दुसरी गोखले रोडजवळच्या एका दुकानातून घेतली, ८,९०० रुपयांना. हिचे दांडे मोटरवर आत-बाहेर होतात, मूठ फिरवावी लागत नाही. दार चार मिलीमीटर जाडीचं, बाकीचा पत्रा दोन मिलीमीटर, वजन साधारण चौदा किलो. भाच्याला बोलावून बुक्क्या मारायला लावल्या. हात दुखला त्याचा, दार उघडलं नाही. दुकानदार सोबत कोड बदलून देत होता, नको म्हटलं. कोड घरी येऊन बदलायचा, आणि एक नाही, दोन. रोजचा एक असतो आणि कारखान्याचा एक मास्टर कोड असतो. तो सगळ्या तिजोऱ्यांना सारखाच, माहितीपत्रकात छापलेला. बरेच लोक तो बदलतच नाहीत. आमचा कोड कशावरून आहे ते लिहीत नाही, एवढी अक्कल आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ती भिंतीला पक्की करणं. चौदा किलोची तिजोरी नुसती कपाटात ठेवली तर चोराचं काम सोपंच होतं. तुम्हीच सगळं एका खोक्यात भरून ठेवलेलं, त्याने पिशवीत घालून न्यायचं आणि घरी जाऊन निवांत फोडायचं. तिजोरीच्या तळाला आणि पाठीला बोल्टसाठी भोकं असतात ती यासाठी. पण बेडरूमच्या वॉर्डरोबचा तळ प्लायचा, खाली पोकळ, तिथे बोल्ट मारून उपयोग नाही. पाठीमागची भिंत टकटक करून पाहिली तर हलक्या ब्लॉकची निघाली. नवीन टॉवरमध्ये आतल्या भिंती बहुतेक अशाच असतात, जोर लावला की ब्लॉकची पावडर होते आणि फास्टनर, म्हणजे भिंतीत बसवलेला बोल्ट, सुटतो. शेवटी ज्या कोपऱ्यात काँक्रीटची भिंत होती तिथे वॉर्डरोबचा कप्पा रिकामा केला.

मिस्त्री बोलवायचा म्हणजे तिजोरी कुठे आहे ते एका परक्या माणसाला दाखवायचं. माझ्या भावाकडे हॅमर ड्रिल आहे, त्याला बोलावलं. सोबत आलेले बोल्ट आखूड पडले, कारण प्लाय आणि भिंतीत बोटभर फट. दहा मिलीमीटरचे लांब अँकर फास्टनर आणून बसवले. काँक्रीटमध्ये मध्येच सळई लागली तर जबरदस्ती करायची नाही, जागा सरकवायची, हे भावाचं सांगणं. पहिलं भोक त्यामुळे वाया गेलं. आता घरमालकाला एक भोक जास्त बुजवून द्यावं लागणार. त्याची परवानगी व्हॉट्सअॅपवर लेखी घेतली होती, ते बरं केलं.

रोजच्या वापरात काय खटकतं? बटणांचा आवाज. प्रत्येक अंकाला 'टीं', शेवटी मोटरची घरघर, दिवाणखान्यात बसलेल्याला कळतं की आत तिजोरी उघडली. आवाज बंद करायची सोय नाही. आत दिवा नाही. कप्पा खोल आहे पण उंची कमी, त्यामुळे घराची कागदपत्रं दुमडूनच मावतात. आणि आगीपासून संरक्षण वगैरे काही नाही, हे दुकानदाराने स्वतःहून सांगितलं. नुसता पत्रा तापला की आतला कागद करपतो. आग सोसणारी वेगळी मिळते, अर्ध्या तासाची, तासाभराची अशी, पण ती जड, महाग, आणि तिच्या भिंतीत भरलेल्या मसाल्याला ओल असते म्हणून कागद सादळतात. आम्ही मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्येच ठेवली.

सादळण्यावरून जुलै आठवला. ठाण्याचा पाऊस तिजोरीतही येतो. नोटांच्या गड्डीला मी रबरबँड लावलं होतं, ते चिकट होऊन नोटांवर ओघळलं. त्याच रबराने शेजारची चांदीची अत्तरदाणी काळी पडली. आता नोटा कागदी पाकिटात, चांदी सुती कापडात, आणि सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर महिन्याला बदलते. नथ मात्र वेगळ्या मऊ कापडी पिशवीत, पुड्यांपासून लांब. मोत्यांना ओल सोसत नाही तसा फार कोरडेपणाही सोसत नाही.

ऑगस्टअखेर गौरींच्या आदल्या दिवशी बॅटरी संपली. चार पेन्सिल सेल असतात. सोबत आलेले साधे होते, मी बदलले नव्हते. लाल दिवा बहुधा आठवडाभर लुकलुकत होता, पण वॉर्डरोबच्या आत कोण बघतं? गौरीची ठुशी, बोरमाळ, दोन्ही मुखवट्यांच्या नथी सगळं आत. अशा वेळेसाठी एक चावी असते, बटणांच्या पट्टीमागे तिचं भोक असतं.

"आई, ती तिजोरीची चावी तुम्ही ठेवलीत ना?"

"ठेवलीये. अगदी सुरक्षित."

"कुठे?"

आईंचा चेहरा बघूनच कळलं.

रात्री साडेअकरापर्यंत शोधली. डाळी, तांदूळ, साड्या, सगळं. शेवटी त्यांना आठवलं की देवघरातल्या चौरंगाच्या कापडाखाली ठेवली होती, आणि आदल्याच दिवशी मखरासाठी देवघर आवरताना ते कापड गुंडाळून मुलाने माळ्यावर टाकलं होतं. चावी सजावटीच्या पिशवीत, झिरमिळ्यांमध्ये मिळाली. नवरा स्टुलावर उभा, मी टॉर्च धरून, आणि आई खालून, "बघ, मी म्हटलं होतं ना, सुरक्षित आहे."

सोबत आलेल्या दोन चाव्यांपैकी एक आता कळव्याला भावाकडे आहे. चांगले अल्कलाइन सेल घातलेत. रिचार्जवाले घालू नका, त्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असतो, तिजोरी पहिल्या दिवसापासून कुरकुर करते. सेल बदलायचा दिवस खंडेनवमी ठरवलाय. घरातल्या हत्यारांची पूजा होते त्याच दिवशी तिजोरीलाही हळदकुंकू आणि नवे सेल.

"एवढं करण्यापेक्षा बँकेचा लॉकर बरा" असं बरेच जण म्हणतात. आहे ना आमचा लॉकर, आणि जास्तीचं सोनं तिथेच आहे. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. लॉकरच्या करारानुसार त्यात रोकड ठेवता येत नाही. आणि जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. आजच्या भावाने त्यात तीन तोळेही येत नाहीत. शिवाय गौरीच्या आदल्या शनिवारी लॉकरच्या दारात जी रांग असते ती एकदा बघाच. घरच्या चोरीचा विमाही विचारून ठेवलाय. त्यात बहुधा कडीकोयंडा तोडल्याच्या खुणा लागतात आणि दागिन्यांची यादी लागते. म्हणून एका रविवारी सगळे दागिने पांढऱ्या चादरीवर मांडून फोटो काढले, नव्यांचे हॉलमार्कचे सहा अक्षरी क्रमांक लिहून घेतले. त्या यादीची एक प्रत भावाकडे आहे.

घेऊ का, असं विचारलं तर: घ्या, पण भिंतीला पक्की करता येणार असेल तरच, आणि मूठ फिरवायची स्वस्त घेऊ नका. आमच्याकडे चोर आलेला नाही, त्यामुळे चोरापुढे ही किती टिकेल याचा मला अनुभव नाही. कटर घेऊन तासभर निवांत बसलेल्या माणसापुढे दोन मिलीमीटरचा पत्रा टिकणार नाही, हे उघड आहे. मला मिळालं ते वेगळंच. नऊ महिन्यांत घरात एकदाही "ते कुठे ठेवलंय?" झालं नाही, गौरीची ती रात्र सोडून. नव्या मावशी कपाटं पुसतात तेव्हा मी आतल्या खोलीत पुस्तक वाचत असते.

आई रोकडीला मात्र अजून वळलेल्या नाहीत. दागिने तिजोरीत आले, पैसे निम्मेच आले. उरलेले कुठे आहेत ते मी विचारलं नाही, फक्त पैठणीत ठेवू नका एवढं सांगितलं.

नव्या इमारतीचा ताबा पुढच्या वर्षी आहे म्हणतात. गेल्या आठवड्यात साइटवर गेलो होतो. बिल्डरच्या माणसाला विचारलं, आमच्या बेडरूमची कुठली भिंत काँक्रीटची आहे? तो म्हणाला, "का, टीव्ही लावायचाय?"

मी हो म्हटलं.