जलरंग का ऑइल? दुखऱ्या बोटांनी परत ब्रश धरताना

रुमेटॉइड आर्थ्रायटिसमुळं 4 वर्षं ब्रश बंदच होता, आता औषधांनी सूज आटोक्यात आलीय. जलरंगाला जोर लागत नाही, पॅड आणि रंगाचा छोटा डबा पिशवीत टाकला की इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर जाऊन बसता येतं, पण वॉश (पातळ रंगाचा पसरलेला थर) ओला असताना थांबता येत नाही, बोटं ठणकली तरी हात चालवावाच लागतो. ऑइल सावकाश वाळतं, दुखलं की ठेवा, उद्या तिथूनच पुढं. पण ट्यूबचं टोपण फिरवणं नि टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुणं, मनगट पार धरतं (टोपण मुलगा उघडून देतो). सकाळी बोटं आखडलेली, म्हणून काहीही असू दे, दुपारीच बसते, दांड्याला फोम गुंडाळून. चित्रकार आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ तलाव रंगवला त्या गावात मला पाणीच काढायचंय, त्यामुळं सध्या जलरंगच.